साठवणीचा तलाव आणि कल्याणमित्राची पारख

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, चंद्रपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला धम्माची दीक्षा दिली. त्या सोहळ्यास गेलेल्या पिढीच्या गाठी शिदोरीपलीकडे फारसे काही नव्हते. तिने मुलांना शाळेत घातले, वसतिगृहात ठेवले, आणि शिक्षण हेच पहिले भांडवल मानले. त्या भांडवलाचे फळ आज अनेक घरांत दिसते. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, लिपिक, अभियंते झाले आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर पगार जमा होतो आणि खर्च भागून काही शिल्लक राहते. घरात पैसा शिल्लक राहणे हा प्रसंगच आपल्या पुष्कळ कुटुंबांत पहिल्यांदा घडत आहे. त्यामुळे त्याचे काय करावे हे सांगणारे वडीलधारे माणूस घरात नसते. ती पोकळी भरून काढावयास मग कोणीही येते. या लेखाचा विषय तोच आहे.

बाबासाहेब आपल्याला घटनाकार म्हणून परिचित आहेत. परंतु ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नेत्याने देशाच्या चलनाचा इतका खोल अभ्यास केला, त्या समाजाने आपल्या घरातील चलनाचा अभ्यास टाळावा, हे आम्हांस उचित वाटत नाही.

दीघजाणूचा प्रश्न

त्रिपिटकातील अंगुत्तर निकायात कोलिय कुळातील दीघजाणु नावाच्या गृहस्थाची कथा आहे. तो भगवान बुद्धांना विचारतो की, आम्ही बायकामुलांत राहणारी, सोनेनाणे हाताळणारी संसारी माणसे. आमचे या जन्मी भले कशात आहे? भगवंत त्याला संसार सोडावयास सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात. पहिली, उद्योग व कौशल्य. दुसरी, कष्टाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. तिसरी, कल्याणमित्राची संगत. चौथी, आय आणि व्यय यांचा तोल राखणारी समजीविका.

याच उपदेशात तलावाचा दृष्टान्त आहे. तलावास पाणी आत येण्याच्या चार वाटा आहेत आणि बाहेर जाण्याच्याही चार वाटा आहेत. येणाऱ्या वाटा बंद केल्या, जाणाऱ्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तलाव आटणारच. व्यभिचार, मद्यपान, जुगार आणि वाईट संगत या धन वाहून नेणाऱ्या वाटा होत. त्यांच्या उलट वागणे या धन आणणाऱ्या वाटा होत.

हा दृष्टान्त आपल्या भागातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव आहेत. पाळ फुटली तर एका रात्रीत बांध्या वाहून जातात आणि गाळ साचला तर भर पावसाळ्यानंतरही पाणी पुरत नाही, हे इथल्या लहान मुलासही ठाऊक असते. कुटुंबाची संपत्ती म्हणजे असाच एक तलाव. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नसते. पाळ मात्र आपण बांधू शकतो.

दारूच्या वाटेबाबत तर गडचिरोली जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. लोकांच्या चळवळीमुळे १९९३ पासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. कायद्याने दुकान बंद होते, सवय घरातच बंद करावी लागते.

आपल्या भागातील मिळकतीचे स्वरूप

मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या दोन्ही तीरांवरील बहुतेक कुटुंबांची मिळकत हंगामी आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, खरिपानंतर धानाचे चुकारे. पैसा काही दिवसांत येतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. म्हणून हंगामी मिळकतीच्या घराने पहिला हिशेब असा करावा: वर्षाची एकूण मिळकत काढावी, तिला बारांनी भागावे, आणि येणारा आकडा म्हणजेच आपला महिन्याचा पगार समजावा. तेंदूपत्त्याचे पैसे हाती आलेल्या आठवड्यात आपण जितके श्रीमंत वाटतो तितके नसतो, आणि श्रावणात जितके गरीब वाटतो तितकेही नसतो.

दुसरे स्वरूप अलीकडचे आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलाद उद्योग उभा राहिला, चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणींसाठी जमिनी गेल्या, गोसीखुर्द प्रकल्पात गावेच्या गावे उठली. जमिनीचा मोबदला एकरकमी येतो. त्याचप्रमाणे निवृत्त होणाऱ्या शिक्षकास भविष्य निर्वाह निधी व उपदान एकदम मिळते. जमीन हा वर्षानुवर्षे वाहणारा झरा होता. मोबदला ही एकदाच भरलेली घागर आहे. ही रक्कम जमा झाल्यावर पहिले सहा महिने ती बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी आणि कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. सहा महिन्यांत उत्साही पाहुणे कमी होतात आणि आपला विचार स्थिर होतो.

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास भगवंतांनी धनाचे चार भाग करावयास सांगितले: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा संकटासाठी राखून ठेवावा. आजच्या मजुराला हे प्रमाण शब्दशः पाळता येणार नाही, कारण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग अन्नावरच खर्च होतो. परंतु त्यातील तत्त्व कोणासही पाळता येते. उत्पन्न हाती येताच त्याची विभागणी व्हावी. खर्च करून जे उरेल ते शिल्लक, अशी रीत नसावी. शंभरातील पाच रुपये जरी आधी बाजूला गेले तरी पाळ बांधावयास आरंभ झाला.

पाळ कशी बांधावी

क्रम महत्त्वाचा आहे. तळाला भगदाड असताना वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही.

पहिले काम कर्ज फेडण्याचे. ऋण नसणे हे गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक आहे, असे भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितले होते. जूनमध्ये रोवणीसाठी सावकाराकडून वीस हजार रुपये दरमहा शेकडा पाच रुपये व्याजाने घेतले, तर डिसेंबरपर्यंत सहा महिन्यांचे व्याजच सहा हजार होते. शेकडा पाच हा आकडा लहान वाटतो, परंतु तो वर्षाला साठ टक्के आहे. जगातील कोणतीही प्रामाणिक गुंतवणूक दरवर्षी साठ टक्के देत नाही. म्हणून असे कर्ज फेडणे हीच सर्वांत फायद्याची गुंतवणूक होय. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि सावकाराने जमीन बळकावली असल्यास सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. बचत गटातील भगिनींनी या बाबतीत पुष्कळ घरांना मार्ग दाखविला आहे. गटाचे अंतर्गत कर्ज सावकारापेक्षा स्वस्त असते आणि त्याचे व्याज गटातच राहते.

दुसरे काम संकटनिधीचे. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च पोस्टात किंवा बँकेत, हवा तेव्हा काढता येईल असा ठेवावा. आजारपणात दागिना गहाण टाकावा लागू नये, एवढ्यासाठी हा निधी.

तिसरे काम विम्याचे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे जीवनविमा संरक्षण मिळते; वयाच्या १८ ते ५० वर्षांपर्यंत तीत प्रवेश घेता येतो. सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. या दोन्हींसाठी बँकेत एक अर्ज पुरतो. आता दुसरी बाजू पाहावी. वीस हजार रुपये वार्षिक हप्त्याच्या बचत-विमा पॉलिसीत मृत्यूनंतरचे संरक्षण पुष्कळदा हप्त्याच्या दहापटीच्या घरात, म्हणजे दोन लाखांच्या आसपास असते. तेथे मुदतीअखेर रक्कम परत मिळते हे खरे. परंतु कमावत्या माणसाच्या मागे चार जीव असतील तर त्याला मोठ्या संरक्षणाची गरज असते. म्हणून विमा निव्वळ मुदत विम्याच्या रूपात घ्यावा आणि बचत वेगळी करावी, हे बहुतेक घरांच्या हिताचे आहे.

चौथे काम दीर्घ मुदतीच्या बचतीचे. दरमहा ५०० रुपये सात टक्के दराने पंधरा वर्षे साठविले, तर आपण भरलेले ९०,००० रुपये सुमारे १,५८,००० होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण शाळेत फळ्यावर लिहितो. तिचे गणित हे असे आहे. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. वर्षाला किमान २५० रुपये पुरतात, पंधरा वर्षे भरावे लागतात आणि एकविसाव्या वर्षी खाते परिपक्व होते. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जोखीम समजून घेण्याची तयारी असलेल्या पगारदाराने दीर्घ मुदतीसाठी म्युच्युअल फंडाचाही अभ्यास करावा, परंतु पहिली तीन कामे झाल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये.

बँकेतील ठेवीस ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक खातेदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत. पतसंस्थेत ठेव ठेवताना हा फरक लक्षात असावा.

शेवटी कागदपत्रांचे काम. प्रत्येक खात्यास नामनिर्देशन असावे, आणि पत्नीला प्रत्येक खात्याची माहिती असावी. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर त्याच्या पासबुकांचा शोध घेत फिरणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. नवऱ्याचे पैसे कोठे आहेत हे तिला न सांगणे ही काळजी नव्हे.

कल्याणमित्र आणि मित्राचे सोंग

येथपर्यंतचे सर्व ज्ञान एका चुकीच्या माणसामुळे व्यर्थ जाऊ शकते. म्हणूनच भगवंतांनी धनाच्या उपदेशात मित्राला स्थान दिले असावे, असे आम्हांस वाटते. सिगालास केलेल्या उपदेशात मित्राच्या वेषातील चार शत्रू सांगितले आहेत: केवळ घेणारा, केवळ बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. खरे मित्रही चार सांगितले आहेत: उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा. आर्थिक सल्लागाराची पारख करावयास याहून चांगली कसोटी आम्हांस माहीत नाही.

आपल्या समाजात विश्वासाचा आधार पुष्कळदा ओळख हाच असतो. तो आपल्या गावचा आहे, आपल्याच विहारात येतो, आपल्याच वसतिगृहात शिकला, साळ्याचा मित्र आहे. फसवी योजना नेमकी याच ओळखीच्या वाटेने घरात शिरते. पर्ल्स या नावाने खेडोपाडी ओळखल्या गेलेल्या पीएसीएल कंपनीचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. जमिनीच्या भूखंडांच्या नावाखाली, गावोगावच्या ओळखीच्या प्रतिनिधींमार्फत तिने देशभरातील सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि परतफेड लहान रकमांच्या दाव्यांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पै पै करून भरलेला पैसा वेळेवर हाती आला नाही, आणि लग्ने, शिक्षणे, औषधपाणी मात्र वेळेवरच येत राहिले.

यात प्रतिनिधी झालेली बरीच माणसे लबाड नव्हती. त्यांनी स्वतःचे आणि भावाबहिणींचेही पैसे त्यात घातले होते. माणूस सज्जन असणे आणि योजना सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून विश्वास माणसावर असला तरी तपासणी योजनेची करावी. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत दहा रुपयांचे मडकेही आपण वाजवून घेतो आणि कुंभाराला त्याचा राग येत नाही. आयुष्याची कमाई देताना प्रश्न विचारल्याने जो रागावतो, त्याचे उत्तर त्याच्या रागातच मिळाले असे समजावे.

सल्लागारास पाच प्रश्न विचारावेत.

१. आपली नोंदणी कोणाकडे आहे? सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराची नोंदणी आवश्यक आहे आणि नोंदणी झालेल्यांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकास एआरएन क्रमांक असतो, विमा प्रतिनिधीस विमा नियामकाच्या नियमांनुसार नेमणूक असते. क्रमांक लिहून घ्यावा आणि शिकलेल्या मुलाकडून तपासून घ्यावा.

२. आपणांस पैसे कोण देते? वितरक व प्रतिनिधी यांना कंपनी दलाली देते. नोंदणीकृत सल्लागार आपल्याकडून शुल्क घेतो. दलाली घेणे हा गुन्हा नाही, परंतु विक्रेत्याला सल्लागार समजणे ही चूक आहे. फुकट सल्ल्याची किंमत बहुधा हप्त्यात दडलेली असते.

३. यात माझे नुकसान कसे होऊ शकेल? हिताचे सांगणारा मित्र या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देतो. नुकसान होऊच शकत नाही असे सांगणारा केवळ बोलणारा मित्र होय.

४. पैसे कोणाच्या नावे द्यावयाचे? धनादेश किंवा हस्तांतरण संस्थेच्याच नावे असावे. व्यक्तीच्या खात्यावर, रोखीने, कोऱ्या कागदावर सही करून किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून काहीही देऊ नये.

५. मला विचार करावयास पंधरा दिवस मिळतील काय? आजच सही करा, उद्या योजना बंद होईल, असे म्हणणाऱ्यास उद्याच भेटावे.

दामदुप्पट ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात. सात टक्क्यांनी दहा वर्षांहून थोडे अधिक, बारा टक्क्यांनी सहा वर्षे. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी सुमारे २६ टक्के. बँक सात टक्के देत असताना तुम्हांला सव्वीस टक्के कोणी का द्यावेत, याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये.

मेंढा गावचा धडा

सल्ला कसा घ्यावा याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकण्याच्या अधिकारासाठी त्यानंतरही झगडावे लागले, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गरीब गावाच्या हाती प्रथमच मोठी संपत्ती आली आणि ती तशीच उधळली गेली नाही, यामागे अनेक वर्षांची तयारी होती.

त्या गावात अभ्यासगट आहे. कोणताही प्रश्न आधी अभ्यासगटात बसून समजून घेतला जातो. बाहेरचा जाणकार तेथे येऊन माहिती देतो, प्रश्नांना उत्तरे देतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीने. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरून आलेला मित्र, या दोघांनीही निर्णयाचा अधिकार स्वतःकडे घेतला नाही. कल्याणमित्राचे आधुनिक काळातील लक्षण आम्हांस येथे दिसते. चांगल्या सल्लागाराच्या सहवासात आपली समज वाढते आणि त्याच्यावाचूनही निर्णय घेण्याची शक्ती येते. ज्याच्या सल्ल्याने दहा वर्षांनंतरही आपल्याला काहीच कळत नाही, त्याने आपल्याला केवळ ग्राहक म्हणून ठेवले.

कुटुंबाची ग्रामसभाही अशीच भरू शकते. महिन्यातून एका रविवारी पती, पत्नी, म्हातारे आईवडील आणि नववी-दहावीतील मुले यांनी एकत्र बसून वही उघडावी. सर्वांना समजल्याशिवाय आणि सर्वांनी होकार दिल्याशिवाय मोठी रक्कम कोठेही गुंतवू नये, एवढा एक नियम करावा. पुष्कळ फसव्या योजना एकट्या माणसाला, गुपचूप, घरी न सांगता गाठून विकल्या जातात. चारचौघांच्या उजेडात त्या टिकत नाहीत.

फसगत झालीच तर

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यामुळे शेजारचा फसतो. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. त्याखाली पोलिसांकडे तक्रार करता येते आणि संस्थेच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे. मोबाइलवरून पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागावी. समाजाने अशा कुटुंबाची थट्टा करू नये. त्याचा अनुभव विहारात व शाळेत मोकळेपणाने ऐकला जावा. दहा व्याख्यानांनी होणार नाही इतके काम त्याने होईल.

घरी करावयाचा अभ्यास

ही स्मरणिका घरी नेल्यावर पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पुढील अभ्यास करावा, अशी विनंती आहे. गेल्या वर्षाची एकूण मिळकत लिहून तिला बारांनी भागावे. घरावरील सर्व कर्जे त्यांच्या वार्षिक व्याजदरासह, चढ्या दरापासून उतरत्या क्रमाने लिहावीत. प्रत्येक खाते, पॉलिसी व ठेव यांची यादी करून नामनिर्देशन तपासावे. शेवटी, आपण ज्याच्या सल्ल्याने पैसे गुंतविले त्याचे नाव लिहून त्यापुढे वरील पाच प्रश्नांची उत्तरे भरावीत. जी जागा रिकामी राहील तेथून चौकशीस आरंभ करावा.

आमच्या शाळेत मुले धान्य निवडतात, खोल्या झाडतात, आपापल्या पेटीचा हिशेब ठेवतात. त्यांना हिशेब शिकविताना आम्ही एकच अपेक्षा बाळगतो: त्यांच्या आजोबांनी त्यांना अक्षर दिले, आईवडिलांनी पगार मिळवून दिला, त्यांनी आपल्या मुलांना ऋणाशिवाय वाढवावे. धानाच्या पट्ट्यात पाळ एका माणसाची नसते. सारे गाव मिळून ती बांधते, आणि दर उन्हाळ्यात, पाऊस येण्यापूर्वी, तिची डागडुजी करते.